गाढवासाठी तीन ओळी

"धर्माचा जन्म माणसाला लागलेल्या अनंताच्या ओढीतून झाला आहे!" प्राध्यापकांनी दोन्ही हात उंचावून जाहीर केलं, आणि हातातला खोका त्यांच्या पायावर पडला.

"फाटला का?" बायकोने विचारलं.

"अंगठा चेचला!"

"खोक्याचं विचारतेय. आता दुसरा कुठून आणू?"

प्राचीन धर्मांचा इतिहास चौतीस वर्षं शिकवून प्राध्यापक आज निवृत्त होत होते. पाच वाजेपर्यंत खोली रिकामी करायची होती, कारण तिथे झेरॉक्स मशीन येणार होतं. खोलीत अकरा खोके आणि त्यांत नऊ हजार कार्डं. एका पुरातन देवळाच्या ढिगाऱ्यात मातीच्या पाट्या सापडल्या होत्या. भाविकांनी देवाकडे जे जे मागितलं ते त्यांवर कोरलेलं होतं. एकेका पाटीचं एकेक कार्ड. ती मेलेली लिपी वाचणारे जगात चारच जण. त्यांतल्या दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद, तिसरे वारलेले, चौथे आपले प्राध्यापक.

ग्रंथालयाने खोके घेतले तर चौतीस वर्षं शाबूत, नाहीतर रद्दी. घरी न्यायचा प्रश्नच नव्हता. "एक तर खोके राहतील, नाहीतर मी," असं बायकोने सांगितलं होतं आणि प्राध्यापक उत्तर द्यायच्या आधी जरा थांबले होते. ते थांबणं अजून मिटलं नव्हतं.

ग्रंथपाल बाई चष्मा कपाळावर चढवून आल्या. हातात एक कार्ड.

"सर, घ्यायला माझी ना नाही. पण हे वाचणार कोण? अर्धा तास डोकं खाजवलं. मला वाटलं, हीच ती प्राचीन लिपी."

"ते माझं अक्षर आहे!"

"मग वाचून दाखवा. जे वाचता येत नाही ते नोंदवता येत नाही. नियम आहे."

प्राध्यापकांनी चष्मा लावला. काढला. कार्ड खिडकीपाशी नेलं, मग उलटं धरलं. मेलेली लिपी घडाघडा वाचणाऱ्या माणसाला स्वतःचं बावीस वर्षांपूर्वीचं अक्षर लागेना.

"इथे... 'अनंत' असं काहीतरी दिसतंय," ते चाचरत म्हणाले.

"आणा इकडे." बायकोने कार्ड ओढून घेतलं. इस्पितळाच्या औषधखिडकीवर तिने तीस वर्षं डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचल्या होत्या. "अनंत कुठला? गाढव आहे ते. 'देवा, माझं गाढव सापडू दे. गाढव सापडू दे. गाढव सापडू दे.'"

"तीनदा का?" ग्रंथपाल बाईंनी विचारलं.

प्राध्यापक खुलले. "त्रिवार याचना! तीन या आकड्याचं पावित्र्य! माझा सहाशे पानांचा ग्रंथ त्यावरच उभा आहे."

"पावित्र्य कसलं डोंबलाचं! एकदा सांगितलं, ऐकलं नाही. दुसऱ्यांदा सांगितलं, ऐकलं नाही. मग तिसऱ्यांदा. हे बघा, खाली तुम्हीच लिहिलंय: 'तिसरी ओळ फार खोल कोरलेली. रागाने?' लिहिलंत आणि विसरलात."

प्राध्यापक मटकन खुर्चीत बसले. सहाशे पानं.

"चौतीस वर्षांत हे मला कुणीच कसं सांगितलं नाही?" ते कपाळावर हात मारून ओरडले.

"मी सांगितलं होतं," बायको म्हणाली. "दोनदा."

ग्रंथपाल बाईंनी चष्मा नाकावर घेतला. "काकू, तुम्ही येऊन वाचून द्याल? मी टाइप करून घेईन. तसं असेल तर अकराही खोके आत्ता उचलते."

बायकोने खोक्यांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "येईन रोज दहा ते बारा. पण ह्यांना आणणार नाही. मध्येच भाषण करतात."

खोके गेले. जिथे कपाटं होती तिथे भिंतीवर फिकट चौकोन राहिले. प्राध्यापकांनी पुन्हा दोन्ही हात उंचावले.

"अगं, आज तू एका संपूर्ण संस्कृतीला..."

"असू दे," म्हणत तिने एक कोरं कार्ड घेतलं, टेबलावर ठेवून भराभर काहीतरी लिहिलं आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात खुपसलं. "मी पुढे होते. तुम्ही किल्ली देऊन या."

किल्ली देऊन झाल्यावर प्राध्यापकांनी जिन्यात कार्ड काढलं. अक्षर सुवाच्य होतं, चष्माही लागला नाही. शेवटच्या ओळीला पेन इतकं दाबलं होतं की कार्डाला भोक पडलं होतं.

"येताना नळाचा वॉशर आणा.
येताना नळाचा वॉशर आणा.
येताना नळाचा वॉशर आणा."