मिरासोलची हजेरी

सकाळी बरोबर आठ वाजता तावो रेडिओचं बटण फिरवायचा आणि एलोइसा कॉफीच्या भांड्याखालचा गॅस बारीक करायची. बोटीवर राहायला आल्यापासून, नांगर कुठेही पडलेला असो, त्यांचा दिवस याच दोन हालचालींनी सुरू होई. तिकडे ला पासच्या धक्क्यावर आपल्या बोटीत बसून डोन्या ओर्तेन्सिया हजेरी घ्यायला लागे. त्या आखातात बोटींवर संसार थाटलेली पन्नासेक कुटुंबं होती. त्यांच्या बोटींची नावं ती एकेक करून पुकारी आणि ज्याचं नाव येईल त्याने आपल्या बोटीचं नाव, माणसं किती आणि मुक्काम कुठे एवढं सांगायचं. दोन दिवस लागोपाठ उत्तर आलं नाही, तर जवळची बोट शोधायला निघे. तावोने चौतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली होती आणि रोज पोरांची हजेरी घेतली होती. म्हातारपणी आपल्यावरच हजेरी द्यायची पाळी आली याची त्याला फार मौज वाटे. "चापाला. दोन माणसं. हजर," असं तो बाकावरून उठून उभं राहिल्यासारखं म्हणे आणि रेडिओवर कुणीतरी हसे.

चापाला हे त्यांच्या गावच्या तळ्याचं नाव. दोघंही त्या तळ्याकाठी वाढलेली. शिडाची होडी चालवायला तावो तिथेच शिकला होता. निवृत्त झाल्यावर घर भाड्याने देऊन त्यांनी ही चौतीस फुटी बोट घेतली, तेव्हा ओळखीच्या साऱ्यांनी वेड्यात काढलं. बोट जुनी होती, पण धडधाकट होती. आधीच्या मालकाच्या लेकीने ती विकायला काढली होती. तेव्हा तिचं नाव होतं मिरासोल.

बोटीचं नाव बदलणं ही या लोकांत गमतीची गोष्ट नाही. नवं नाव तोंडातून काढण्याआधी जुन्या नावाची एकूण एक खूण बोटीवरून नाहीशी करावी लागते, नाहीतर बोटीला कळत नाही ती कुणाची आहे, असं म्हणतात. तावो देवाला न मानणारा, पाद्र्याला तर त्याहून नाही. पण नियम म्हटला की तो प्रमेयासारखा पाळायचा हा त्याचा स्वभाव. तीन दिवस तो पातं घेऊन खरवडत होता. बोटीच्या मागच्या बाजूची अक्षरं गेली, वल्ह्यांवरची गेली, जुनं नाव असलेला कागदाचा प्रत्येक कपटा जाळला. चौथ्या दिवशी सगळे धक्क्यावर जमले, समुद्रात मेस्काल दारू ओतली आणि ओर्तेन्सियाने रिवाजाप्रमाणे विचारलं, "जुन्या नावाचं काही उरलं?"

तावोने एलोइसाकडे पाहिलं, कारण स्वयंपाकघर तिचं.

"काही नाही," ती म्हणाली.

उरला होता एक मग. निळा, पांढऱ्या शिंतोड्यांचा, एनॅमलचा, चकाकणारा, आणि कुठे टवका गेलेला नाही. त्याच्या बुडाला कुणीतरी खिळ्याने मिरासोल असं कोरलेलं होतं. आता चांगली धड वस्तू फेकायची म्हणजे एलोइसाच्या जिवावर येई. जुन्या मोज्यांची पायपुसणी करणाऱ्या घरातली ती. मगाचं बूड कोण बघायला जातं, कॉफी वरून ओततात, असं तिने स्वतःला समजावलं. तावोला मग आवडला आणि तो रोज त्यातूनच कॉफी प्यायला लागला.

हिवाळा छान गेला. उत्तरेचा वारा सुटला की आडोशाची खाडी गाठायची, पडला की पुढे निघायचं. एलोइसा बादलीत कपडे धुवायची, दोरीवर वाळत घालायची, सुकवलेलं मांस अंड्यात परतून गव्हाच्या पोळ्यांत गुंडाळायची. पाणी जपून वापरायला ती अशी शिकली की तावो म्हणे, "ही बाई थुंकीसुद्धा दोनदा वापरेल." अडतीस वर्षांच्या संसारात एवढं निवांत ते कधीच नव्हते. फेब्रुवारीत तिची विजार सैल झाली आणि तिने खिळा तापवून पट्ट्याला नवीन भोक पाडलं. शिडी चढून उतरून झालं असेल, असं म्हणून ती मनातून सुखावलीच. ती चांगली भरल्या अंगाची होती.

सान एव्हारिस्तोच्या मुक्कामात एका सकाळी तावो मग पुढे करत म्हणाला, "बारके, साखर घाल की."

एलोइसा हसली. तिला तो लग्नापासून म्हातारे म्हणायचा. ती तेवीस वर्षांची होती तेव्हापासून ते आजवर.

"बारके? आधी चष्मा लाव."

तोही हसला. पण त्याने साखर घेतली, चांगली दोन चमचे. बाप मधुमेहाने गेल्यापासून वीस वर्षं त्याने कॉफीत साखरेचा कण घातला नव्हता. एलोइसाने डबा बंद केला आणि विषय तिथेच सोडला. मग रोजच ते सुरू झालं. संध्याकाळी तो टोपी काढून दाराशेजारी टांगायला जाई आणि टोपी खाली पडे, कारण तिथे खुंटी नव्हती. चौथ्यांदा पडली तेव्हा ती उचलताना एलोइसाने लाकडावर बोट फिरवलं. स्क्रूची दोन भोकं होती, लांबी भरून बुजवलेली.

आग्वा व्हेर्देला ते पहिल्यांदाच जात होते. खाडीत शिरताना एलोइसा नकाशा घेऊन पुढे उभी राहिली, पण तावोने तिच्याकडे न बघताच सुकाणू डावीकडे घातलं.

"इथे पाण्याखाली खडक आहे. गेल्या वेळी घासलो होतो."

"गेल्या वेळी म्हणजे कधी?"

एखाद्या खोलीत यावं आणि कशाला आलो ते विसरावं, तसा त्याचा चेहरा झाला. उजव्या अंगाने एक काळी सावली पाण्याखालून हळूच मागे गेली.

"म्हाताऱ्या, साठी बुद्धी नाठी," एलोइसा म्हणाली. पण तिला भीती वाटली, चांगलीच वाटली, आणि नांगर टाकताना साखळी तिच्या हातातून सुटली.

दुसऱ्या दिवशीच्या हजेरीत ओर्तेन्सियाने चापाला पुकारलं. तावोने माइक उचलला.

"मिरासोल. दोन माणसं. आग्वा व्हेर्दे. हजर."

रेडिओवर खरखर तेवढी राहिली. या वेळी कुणी हसलं नाही. मग ओर्तेन्सियाने पुढच्या बोटीचं नाव घेतलं. तावो शांतपणे कॉफी प्याला आणि बकरीचं चीज आणायला डिंगी, म्हणजे बोटीमागची छोटी होडी, घेऊन गावात गेला. तो किनाऱ्याला लागेपर्यंत एलोइसा बघत राहिली, मग तिने ओर्तेन्सियाला दुसऱ्या वाहिनीवर बोलावलं.

"थट्टा करत होता का तो?" ओर्तेन्सियाने विचारलं.

"डोन्या, आधीचा मालक, लिआंद्रो. बायकोला काय म्हणायचा तो?"

"बारके." ओर्तेन्सियाचा आवाज जरा मऊ झाला. "मिरेया चांगली ढोली बाई होती, म्हणून गमतीने. सगळे हसायचे. मग ती खरंच वाळत गेली. दुखणं काय ते एकाही डॉक्टरला सांगता आलं नाही, आणि ही बया जमिनीवर राहायला तयार नाही. शेवटी शेवटी तर लिआंद्रो तिला एका हाताने उचलून डिंगीत उतरवायचा. मी पाहिलंय."

"आणि लिआंद्रो?"

"मसात्लानला, लेकीकडे. कुणाला ओळखत नाही. बोटीचा फोटो दाखवला तर म्हणतो, कुणाची ही? एलोइसा, खरं सांग. जुन्या नावाचं काही राहिलंय का बोटीवर?"

त्या वाहिनीवर आणखी कोण कान लावून बसलंय कुणास ठाऊक, असं एलोइसाच्या मनात आलं. एका मगासाठी आपण सगळ्यांदेखत खोटं बोललो हे आता कसं सांगायचं?

"काही नाही," ती म्हणाली.

रेडिओ बंद करून तिने मग घेतला आणि बोटीच्या मागच्या बाजूने पाण्यात सोडला. पाणी स्वच्छ होतं. निळा मग डुलत डुलत बराच वेळ खाली जाताना दिसला.

तावो परतला तेव्हा त्याच्या हातात चीज होतं. बोटीवर चढून तो उभा राहिला. एलोइसाकडे बघून त्याने अदबीने टोपी काढली.

"बाई, आपण इथेच राहता का?"

एलोइसाने त्याच्या हातातलं चीज घेतलं. त्याच संध्याकाळी उत्तरेचा वारा सुटला आणि दोन दिवस त्यांना खाडीतून हलता आलं नाही. ते दोन दिवस तावो बस थांब्यावर बसल्यासारखा मांडीवर टोपी ठेवून बसून राहिला. जेवण वाढलं की आभार मानी. झोपायला तिच्या बिछान्याकडे फिरकला नाही, केबिनमधल्या अरुंद बाकावर पाय दुमडून पडला. परक्या बाईच्या घरी सभ्य माणूस झोपेल तसा. सकाळची हजेरी एलोइसाच देई. चापाला, दोन माणसं. दोन म्हणताना ती अडखळे.

तिने त्याला आपलं नाव सांगितलं. लग्नाचा फोटो दाखवला. त्याने तो उजेडाकडे धरून नीट पाहिला.

"छान जोडा आहे," असं म्हणून त्याने फोटो परत दिला. मग म्हणाला, "मला किनाऱ्यावर सोडता का? माझी वाट बघत असतील."

"कोण वाट बघत असेल?"

त्याचे डोळे भरून आले. "तेच तर आठवत नाही, बाई."

एलोइसा पुढच्या कोठीत शिडांच्या ढिगावर जाऊन बसली आणि तोंडात टॉवेल कोंबून रडली. साखर मागणारा, बारके म्हणणारा तो जो कोणी होता, तो निदान तिच्याकडे बघून हसत तरी होता. हा माणूस कुणाचाच नव्हता. वारा पडला की ला पासला डॉक्टरकडे न्यायचं, तिने ठरवलं. आणि डॉक्टर काय म्हणेल तेही तिला ठाऊक होतं. जानेवारीत सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. वयाच्या मानाने तब्येत उत्तम, असं लिहून दिलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा पडला. गावातला पाणबुड्या डॉन फेलिसियानो आपली होडी घेऊन शेजारी आला. त्याच्या टोपलीत शिंपले होते. एलोइसाने डझनभर घेतले, तेव्हा त्याने होडीच्या तळातून काहीतरी उचललं.

"बाई, हा तुमचाच असणार. इथे तुमच्या बोटीच्या बुडाखालीच पडला होता वाळूत." त्याने मग उलटा करून पाहिला. "मिरासोल लिहिलंय."

नाही म्हणायचं होतं, बस्स. त्या मगापायी ती दोनदा खोटं बोलली होती, तिसऱ्यांदा काय जड होतं? पण आतल्या बाकावर तावो टोपी मांडीवर घेऊन बसलेला तिला दिसत होता. शेवटच्या थांब्यावर पोचलेल्या बसमधून सगळे उतरून गेले आणि त्याला घ्यायला कुणी आलं नाही, असा.

"आमचाच," ती म्हणाली.

तिने मग गोड्या पाण्याने धुतला, पाणी न जपता. कॉफी केली. दोन चमचे साखर घातली, ढवळली आणि मग त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो दोन्ही हातांत घेतला, वास घेतला आणि अर्धा संपवला. मग त्याने वर पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"बारके," तो म्हणाला, "कुठे होतीस इतके दिवस?"

तो कुणाला विचारतोय हे एलोइसाला नीट कळलं होतं. तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. खांदा तावोचाच होता, त्याला डिझेलचा आणि साबणाचा तोच वास होता.

"इथेच होते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता तिने रेडिओ लावला. नावं पुकारली जात होती. गॅस बारीक करून ती पट्टा आवळत होती. कालचं भोक आज पुरत नव्हतं.

"चापाला," ओर्तेन्सियाचा आवाज आला. तावोने मान वर केली नाही. दुसऱ्याच कुणाचं नाव असावं तसा तो पोळी मोडून कॉफीत बुडवत राहिला. "चापाला, आहात का? चापाला?"

एलोइसाने माइक उचलला.

"मिरासोल," ती म्हणाली. "दोन माणसं. हजर."

ओर्तेन्सियाने फार हळू विचारलं, "तुझी तब्येत कशी आहे?"

"बरी आहे," एलोइसाने सांगितलं आणि रेडिओ बंद केला.

पाणी भरायला किनाऱ्यावर जायचं होतं. तिने रिकामे डबे डिंगीत टाकले आणि शिडीकडे वळली, तेवढ्यात तावो कॉफीचा मग घेऊनच बाहेर आला. "थांब, पडशील," असं म्हणत त्याने तिच्या कमरेभोवती एक हात घातला आणि रिकामी पिशवी उचलावी तसं तिला उचलून डिंगीत अलगद उतरवलं. दुसऱ्या हातातल्या मगातून कॉफीचा थेंबही सांडला नाही.