कानस आणि नऊ तांबड्या बिया

मी एक जुनी कानस आहे. मित्रांनो, माझे नाव तुम्ही क्वचितच ऐकले असेल. अंगभर बारीक दाते असलेली पोलादी पट्टी म्हणजे मी. लोखंड घासून गुळगुळीत करणे हे माझे काम.

१९९२ साली सिन्नरच्या एका वर्कशॉपमध्ये मी गोटीरामच्या हाती आले. तो लेथवर काम करायचा. मशीनवरून उतरलेल्या भागांच्या धारदार कडा मी घासायची. साहेब त्यावर बोट फिरवून म्हणायचे, "गोटीराम, हात छान आहे तुझा." त्यातली अर्धी शाबासकी मी ठेवून घेई. अकरा वर्षांनी वर्कशॉप बंद झाले. मला पिशवीत घालून गोटीराम पिंपळगाव बसवंतजवळच्या आपल्या गावी आला आणि शेतीला लागला. शेतात माझे काय काम? चार वर्षे मी खिळ्यांच्या डब्यात गंजत पडले.

त्याची बायको कुसाबाई पॅकहाऊसमध्ये द्राक्षांचे घड साफ करायला जायची. तिथे हायवेच्या कडेला एक उंच झाड होते. त्याचे नाव कुणालाच माहीत नव्हते. २००७ मध्ये रस्ता रुंद करताना ते तोडले गेले. कुसाबाईने पडलेल्या फांद्यांखालून नऊ तांबड्याभडक बिया वेचून आणल्या.

"पंधरा वर्सं त्याच्या सावलीत भाकर खाल्ली. एक तरी रोप जगवायचं," ती म्हणाली.

पण बिया रुजेनात. दुधाच्या पिशव्यांत माती भरून लावलेल्या बिया दोन महिन्यांनी उकरल्या, तर जशाच्या तशा! एक दगडाने फोडली, तिचा चुरा झाला. दोन चुलीवर उकळल्या, त्या शिजून गेल्या. तीन उंदरांनी पळवल्या. उरल्या तीन.

गोटीरामने त्यातली एक चिमटीत धरली. "आगं, ही बी हाय का बेअरिंगची गोळी? पाणी आत शिरणार कुठून?" असे म्हणून त्याने मला डब्यातून काढले आणि माझा गंज पुसला.

मला इतका आनंद झाला, की पहिल्या बीला मी फार खोल घासले. लोखंडाची सवय! आतला गर दुखावला आणि बी कुजली. कुसाबाईने ती कुजलेली बी उचलून हलकेच मातीत पुरली. रागावली असती तर बरे वाटले असते.

पुढच्या वेळी गोटीरामने हात अगदी हलका ठेवला. कोंबाची बाजू सोडून दुसऱ्या कडेला थोडेसेच घासले. तांबड्या सालीखाली फिकट ठिपका दिसताच तो थांबला. दोन्ही बिया पाण्यात टाकल्या.

"आवं, फुगल्या! दुप्पट झाल्या!" दुसऱ्या दिवशी कुसाबाई ओरडली. आठवड्याभरात मातीतून दोन कोंब वर आले.

मग शेजारचा सहादू आला. बांधावरचे काहीतरी खाऊन त्याची एक शेळी मेली होती. रोपांची पाने पाहून तो म्हणाला, "वहिनी, ही गुंज हाय. लय इखारी. उपटा, नायतर मी उपटीन."

कुसाबाई घाबरली. शेळ्या तर तिच्याही होत्या. "भावजी, दोन दिस थांबा. इचारून येते."

एक रोप आणि बियांबरोबर उचलून आणलेली झाडाची वाळलेली शेंग घेऊन ती एसटीने नाशिकला गेली. गंगापूर रोडला राहणाऱ्या, तिच्या ओळखीच्या प्रतिभाताई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. इकडे आम्ही वाट बघत होतो. परत येताच ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, "ताईंनी इचारलं, बीला काळा डोळा होता का? म्हटलं नाय, सगळी तांबडी. मंग हसल्या. म्हणाल्या, गुंजेचा वेल असतो अन् बीला काळा डोळा. ही रतनगुंज. मोठं झाड होतं हिचं. बी तोंडात घालू नका, शेळ्या लांब ठेवा, अन् बिनघोर लावा."

सहादूने सुस्कारा सोडला. रोपाकडे बघत म्हणाला, "मंग दुसरं मला द्या. कुंपण मी घालतो."

मित्रांनो, दोन वर्षांत दोन्ही रोपे कुंपणाच्या वर गेली आहेत. तुमच्या रस्त्यावरच्या झाडाचे नाव ठाऊक नसेल, तर ते उभे आहे तोवर विचारून घ्या. अनोळखी बी कधी तोंडात घालू नका. आणि घरात एखादे गंजलेले हत्यार असेल, तर त्याच्यावरून तेलाचा हात फिरवा.

परवा पॅकहाऊसमधल्या बायका आणखी कुठल्याशा झाडाच्या बिया घेऊन आल्या. कुसाबाईने आधी त्या झाडाची फांदी मागितली, नीट पाहिली, आणि मगच मला फळीवरून खाली काढले.