पांढऱ्या रेघेच्या पुढे

लेन पार्डोचा हात वर गेल्याशिवाय त्याच्या बायकोने, एव्हिसने, कधी लॉकची, म्हणजे कालव्यात बोट वरच्या पाण्यातून खालच्या पाण्यात उतरवणाऱ्या दगडी हौदाची, झडप उघडली नव्हती. घरात ती त्याचं निमूट ऐकायची अशातला भाग नाही. घरात तर पडद्याच्या रंगापासून डॉक्टरच्या वेळेपर्यंत सगळा तिचाच कारभार. पण कालव्यावर लेन सुकाणूवर आणि एव्हिस दरवाज्यावर, हे लग्नाच्या पहिल्या सुट्टीपासून ठरलेलं. आणि ओरडायचं नाही, हेही ठरलेलं. लॉकवर एकमेकांच्या नावाने बोंबलणारी जोडपी म्हणजे आठवड्याच्या भाड्याने बोट घेणारी सुट्टीवाली. पुलावरची माणसं त्यांची मजा बघत उभी राहतात. जुनी बोटवाली मंडळी हाताने बोलतात.

खाली उतरताना तर त्या हातावरच सगळं. भरलेल्या लॉकमध्ये बोट घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, मग पुढच्या दरवाज्यांच्या झडपा उघडायच्या. पाणी निघून जातं, बोट दगडी भिंतींच्या मधून खाली खाली जाते. पण मागच्या दरवाज्याखाली, लॉकच्या आत पुढे आलेला, दगडाचा जाड उंबरठा असतो. लॉक भरलेलं असताना तो पाण्याखाली दिसतही नाही. बोटीची शेपटी त्याच्यावर राहिली तर पाणी जातं, नाक जातं, आणि शेपटी तशीच वर अडकते. म्हणून भिंतीवर पांढरी रेघ मारलेली असते. शेपटी रेघेच्या पुढे असली की लेन हात वर करायचा. पार्डोंची ‘कर्लू’ जुनी, लांबलचक बोट, लॉकमध्ये जेमतेम मावणारी. तिथे हातभर चूकसुद्धा परवडण्यासारखी नव्हती.

ईस्टरच्या सुट्टीत लेनने दोनदा हात वर केला आणि दोन्ही वेळा शेपटी रेघेच्या मागे होती. एव्हिसने नशिबाने पाहिलं. तेव्हापासून झडप उचलायचं हँडल लावण्याआधी ती काहीतरी निमित्त काढून लॉकच्या काठाने मागे जायची, रेघ बघायची आणि परत यायची. कधी रुमाल पडला म्हणून, कधी हॉथॉर्नच्या झुडपांना काय सुंदर बहर आलाय म्हणून. लेनला संशय येऊ द्यायचा नाही, एवढंच तिने मनाशी धरलं होतं. त्याचं विसरणं वाढत चाललं होतं, पण ते घरातल्या घरात झाकता येत होतं.

आता मात्र मुलगी आली होती. ज्यूडिथ. तिने आल्या आल्या, बाप पुढे दोऱ्या सोडत असताना, आईला सरळ सांगितलं होतं.

“आई, मी चहा प्यायला आलेले नाही. आठवडाभर बघणार. बाबा ठीक असतील तर बोट ठेवा, माझं काही म्हणणं नाही. नसतील तर विकायची आणि माझ्या जवळ फ्लॅट घ्यायचा.”

“काय झालंय त्याला? धडधाकट आहे,” एव्हिस म्हणाली.

“परवा फोनवर मला त्यांनी तीनदा विचारलं, तू कुठून बोलतेस म्हणून.”

“तुझा फोनच धड लागत नाही.”

एव्हिसच्या डोक्यात तेव्हापासून एकच विचार होता. बोट विकली तर लेनचं काय उरणार? टीव्हीसमोरची खुर्ची आणि पायांवर घोंगडी! ती कल्पनाच तिला सहन होत नव्हती.

हॉलिन्सफर्डच्या उतरणीवर एकामागोमाग एक लॉक लागतात. पहिली दोन नीट पार पडली. एव्हिस दोन्ही वेळा मागे जाऊन रेघ बघून आली. दुसऱ्या वेळी ज्यूडिथने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“आई, दर वेळी मागे जाऊन काय बघतेस गं?”

“फुलं बघतेय.”

“हात दाखवतात ना बाबा? मग?”

“अगं, पाय मोकळे करते जरा. बेकन जाळशील, आत जा!”

तिसऱ्या लॉकला तिने मागे जायचं नाही असं ठरवलं. एकदाच. ज्यूडिथचे डोळे फार तीक्ष्ण, अगदी बापावर गेलेली. लेन बोट आत घेऊन आला, झोकात, भिंतीला कुठे घासू न देता. एव्हिसने मागचा, वरच्या पाण्याकडचा दरवाजा लावला, काठाने चालत खाली आली, मागे वळून पाहिलं. टोपी, पाइप आणि वर केलेला हात. इतकी वर्षं पाहिलेला तोच हात. तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि एक झडप उघडली. मग दरवाज्यावरच्या फळीवरून पलीकडे जाऊन दुसरी.

पाणी खाली धबाधबा पडू लागलं. ती दरवाज्याच्या लाकडी दांड्याला टेकली. पुलावर कुत्र्याला घेऊन एक गृहस्थ उभे होते, लोकरी टोपीवाले. त्यांनी मान तिरकी केली.

“माफ करा हं,” ते अगदी अदबीने म्हणाले, “ती बोट अशी तिरकी मुद्दाम करताय का?”

एव्हिसने वळून पाहिलं. ‘कर्लू’चं नाक खाली गेलं होतं आणि शेपटी तशीच वर राहिली होती. आतून कपबशा घसरल्याचा, तवा पडल्याचा आवाज आला. त्यावर ज्यूडिथची किंकाळी.

“आई! पाणी येतंय! पुढच्या दारातून पाणी येतंय!”

एव्हिसने हँडल ओढून काढलं, झडप अडवून धरणारी खिटी उडवली, झडप धाडकन खाली बसली. एक झाली. दुसरी पलीकडे. फळीवर बूट घसरला, गुडघा दांड्यावर आपटला, तशीच उठली. तिची खिटी गंजलेली, अंगठ्याने हलेना. मेली हललीच नाही! तिने हँडलनेच तिच्यावर दोन घाव घातले, तेव्हा कुठे ती सुटली. पाण्याचा आवाज थांबला. पण बोट तशीच लटकलेली, लेन सुकाणूला धरून कडेला लोंबकळल्यासारखा उभा, आणि त्याच्या चेहऱ्यावर भीतीसुद्धा नव्हती. नुसतं गोंधळलेलं पोर असावं तसा चेहरा.

“धरून राहा, लेन! हलू नकोस!”

आयुष्यात पहिल्यांदा ती लॉकवर ओरडली. मग काठाने वर धावली. साठी उलटलेली बाई, दुखरा गुडघा, हातात लोखंडी हँडल. लॉक पुन्हा भरायला वरच्या दरवाज्याची झडप तिने हळूहळू उघडली. एकदम उघडली तर लोंढा येऊन बोट आपटली असती. चाकाचा एक दात फिरवायचा, मग थांबायचं. पुन्हा एक दात. आत मुलगी आहे, पाणी येतंय, आणि आपण दात मोजत फिरवतोय! तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण हात घाई करत नव्हते. लॉक पुन्हा भरत आलं. नाक वर उठलं, शेपटी दगडावर घासली आणि धप्पकन पाण्यात बसली.

“पुढे घे,” ती लेनला म्हणाली. त्याने मुकाट्याने घेतली. तेव्हा तिला दिसलं. गिअरचा दांडा मागे ओढलेलाच राहिला होता. बोट थांबवायला त्याने इंजिन उलटं फिरवलं आणि तिथेच विसरला. बोट आपली हळूहळू मागे, उंबरठ्यावर सरकत राहिली होती.

लॉक नीट उतरून बोट खालच्या काठाला लागली. ज्यूडिथ बाहेर आली, घोट्यापर्यंत भिजलेली, केसांत बेकनचा तुकडा.

“काय झालं? बाबा, काय झालं?”

लेनने बायकोकडे पाहिलं.

“माझी चूक,” एव्हिस म्हणाली. “त्याने हात वर केलाच नव्हता. मी आधीच उघडली.”

“आई!”

“लक्ष नव्हतं माझं. फुलं बघत होते.”

ज्यूडिथने केसांतला बेकनचा तुकडा उपटून पाण्यात फेकला. लेन खाकरला.

“ओरडू नकोस तिला,” तो म्हणाला. “होतं असं. तिचंही वय झालंच की आता.”

तोंडात मारल्यासारखं झालं एव्हिसला. पण चला, बोट वाचली, तिने स्वतःला समजावलं.

“बरं,” ज्यूडिथ म्हणाली, “मग आता दरवाज्यावर आई नको. ते हँडल इकडे आण. तू मागे बाबांपाशी उभी राहा आणि आराम कर. मला येतं सगळं. बाबांनी हात वर केला की उघडायचं, एवढंच ना?”

आता काय बोलणार? एव्हिसने हँडल तिच्या हातात दिलं आणि आपण काय करून बसलो ते तिला कळलं. आधी निदान रेघ बघणारं कुणीतरी होतं. आता हात वर जाणार, आणि त्या हातावर डोळे मिटून विश्वास ठेवणारी पोरगी दरवाज्यावर असणार. खाली अजून लॉक होतीच.

पुढचं लॉक वळणावरच होतं. लेन सुकाणूवर, एव्हिस त्याच्या बाजूला, दोन माणसं उभी राहायची म्हणजे खांद्याला खांदा घासणार इतकीच जागा. बोट आत गेली. इंजिन उलटं फिरलं, बोट थांबली. ज्यूडिथने दरवाजा लावला आणि हात हलवत खाली चालत गेली. एव्हिसचे डोळे गिअरच्या दांड्यावर. दांडा मागेच. रेघ शेपटीच्या बरोबरीला आली. मग पुढे सरकली. म्हणजे बोट मागे चालली.

ती काही न बोलता हात लांब करून दांड्याकडे गेली. लेनने तिच्या हातावर चापट मारली, अगदी पूर्वीसारखी.

“हात लावू नकोस. बोट माझ्याकडे आहे.”

“लेन, दांडा बघ.”

“बघतोय ना मी. मला शिकवतेस?”

आणि त्याने हात वर केला.

खाली ज्यूडिथने तो पाहिला, मान डोलावली आणि हँडल लावलं. कट्, कट्, खिटीचे पहिले दोन आवाज आले. एव्हिसला वाटलं, अजून एक क्षण गप्प राहावं, कदाचित बोट आपोआप पुढे जाईल. असला वेडेपणा माणसाच्या मनात येतो. मग तिने छातीभर श्वास घेतला.

“ज्यूडी! बंद कर! बाबांच्या हाताकडे बघू नकोस!”

झडप धाडकन खाली बसली. ज्यूडिथ दोन्ही हात कमरेवर ठेवून लॉकच्या त्या टोकाला उभी राहिली.

“मग कुणाच्या हाताकडे बघू?” ती ओरडली.

लेनचा हात अजून वरच होता. त्याने मान वर करून स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या रेघेकडे, मग दांड्याकडे. हात हळूच खाली आला.

“मघाशी,” तो म्हणाला, “मघाशीही मी वर केला होता ना गं?”

“हो.”

“आणि त्याच्या आधी?”

“ईस्टरला. दोनदा.”

“मग तू रुमाल शोधायला जायचीस ते…”

“हो, लेन.”

एव्हिसला वाटलं आता हा चिडेल, नाहीतर रडेल, आणि दोन्हीपैकी काहीही झालं तरी आपल्या काळजाचं पाणी होणार. तो चिडला नाही. त्याने दांडा आधी मध्ये आणला, मग अंग चोरून एक पाऊल बाजूला सरकला.

“पोरगी आत होती,” तो म्हणाला. “पोरगी आत होती आणि मी हात वर केला. आणि वर तुलाच म्हणालो वय झालं म्हणून.”

“ते झालंच आहे,” एव्हिस म्हणाली. तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

“धर हे.”

“मी? लॉकमध्ये मला कधी दिलंस तू? दिलंस ते सरळ पाण्यात, तेही तू सँडविच खात असताना!”

“आज देतोय. धर म्हणतो ना.”

तिने सुकाणू धरलं. सुकाणूचा पितळेचा दांडा त्याच्या हाताने कोमट झालेला होता. तिने गिअर थोडा पुढे ढकलला, जास्तच ढकलला, बोट पुढे उसळली, लेनने पुढे केलेला हात मागे घेतला. मग ती थांबली. तिने मागे वळून पाहिलं. रेघ शेपटीच्या मागे, चांगली हातभर मागे होती. तिने पुन्हा पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं.

“आहे पुढे,” लेन म्हणाला. “पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस. तूच बघ.”

“बघितलं.”

तिने हात वर केला. शाळेतल्या मुलीने उत्तर येत नसताना करावा तसा, जेमतेम खांद्यापर्यंत. तिकडे ज्यूडिथ कपाळावर आडवा हात धरून, डोळे बारीक करून बघत होती. तिला काही समजेना.

“असा अर्धवट नाही करायचा,” लेन म्हणाला. “पलीकडच्या माणसाचा जीव टांगणीला लागतो.”

त्याने तिच्या कोपराखाली आपला हात घातला आणि तिचा हात पार वर, आपल्या टोपीच्याही वर नेला. आणि ज्यूडिथने झडप उघडून बोट उतरायला लागेपर्यंत त्याने तो तसाच धरून ठेवला.