कोणते तीन?

तीन की नऊ? एवढ्या एका प्रश्नापायी रेसियातो त्या रात्री टक्क जागी होती, आणि सगळ्याचं मूळ मी. मी तिच्या कामाच्या टेबलाच्या वर, भिंतीला टांगलेलं घड्याळ बोलतोय.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते नक्की सांगता येणार नाही. पाठीवर छापलेलं नाव पालींच्या येण्याजाण्याने पुसलं गेलं. मला आठवतं ते अरुशाच्या बाजारातलं दुकान, आणि तिथून लाल कागदात गुंडाळून रेसियातोच्या लग्नापर्यंतचा प्रवास. त्या लग्नात माझ्यासारखी चार घड्याळं आली. तिघं पुढे दुसऱ्यांच्या लग्नात गेली. मी राहिलो, कारण माझ्या काचेला तडा गेला होता, आणि तडा गेलेलं कुणाला कसं द्यायचं?

इथे घड्याळ म्हणून जगणं सोपं नाही. इथला दिवस सूर्याबरोबर सुरू होतो. सूर्य उगवून तास झाला की एक वाजला. तेव्हा माझा छोटा काटा सातवर असतो, पण माझ्याकडे बघून माणसं बेधडक म्हणतात, एक. मी नऊ दाखवतो, ते तीन म्हणतात. मी तीन दाखवतो, ते नऊ. आधी वाटायचं, माझ्यातच काहीतरी खोट आहे. पुढे पाहिलं की रेसियातोला स्वतःबद्दल रोजच तसं वाटतं. मग जरा बरं वाटलं.

लेक सानाऊ झाली तेव्हा रेसियातोने नोकरी सोडली आणि घरी बसून पाहुण्यांच्या सफारींचे कागद करायला घेतले. सबंध आठवड्याची, पूर्ण स्वतः आखलेली सफारी मात्र ही पहिलीच. परदेशातलं चौघांचं कुटुंब होतं. पहिल्या दिवशी तारांगिरेचे हत्ती, दुसऱ्या दिवशी मन्याराचं सरोवर, तिसऱ्या दिवशी कराटूला इराक्व जमातीच्या एका घरात जेवण. चौथ्या दिवशी सकाळी न्गोरोंगोरोच्या विवरात, दुपारी तिच्या आईच्या मासाई वस्तीवर. उरलेले तीन दिवस सेरेंगेटी. हा कागद तिने अकरा वेळा लिहिला. बिबट्या दिसलाच नाही तर? धाकट्याला गाडी लागली तर? वस्तीवर किती बायका असतील हा रकाना तेवढा कोरा राहिला, कारण तिच्या आईने बजावलं होतं, माणसं मोजायची नसतात.

या आईला, म्हणजे सानाऊच्या कोकोला, राजी करण्यात महिना गेला होता. गेल्या वर्षी कुणा सफारीवाल्याने वस्तीतल्या बायकांना नटवून दिवसभर उन्हात बसवलं आणि गाडी आलीच नाही. कोरड्या दिवसांत बायका उजाडताच गाढवं घेऊन पाण्याला निघतात. जायला तीन तास, यायला तीन, वर पाण्यावरची रांग. त्या दिवशी वस्ती तहानेली झोपली. म्हणून रेसियातोने आईला शब्द दिला होता की माझे पाहुणे तुम्हाला ताटकळत ठेवणार नाहीत.

"तू माझी लेक म्हणून बायका येतील," कोको म्हणाली होती. "शब्द मोडलास तर मला त्यांच्यात बसायला जागा उरणार नाही."

आणि चूक झाली ती अशी. कागदावर वस्तीची वेळ तीन होती. पाहुण्यांचे तीन, दुपारचे. आपल्या बोलण्यात ते नऊ. कोकोला निरोप द्यायच्या वेळी रेसियातोचे हात चपातीच्या कणकेत होते. तिने सहा वर्षांच्या सानाऊला फोनवर बसवलं आणि सांगितलं, कागदावरची वेळ वाच. सानाऊने वाचली: तीन. नीट वाचलं म्हणून शाबासकीसुद्धा मिळाली. पोर नुसतं तीन म्हणाली की दुपारचे म्हणाली, हा प्रश्न रेसियातोला पडला तो थेट सफारीच्या तिसऱ्या रात्री, अंथरुणाला पाठ टेकल्यावर.

उजाडल्यापासून ती फोन लावत होती. कोकोचा फोन दुकानात चार्जिंगला असतो, आणि दुकान दुकानदाराच्या मर्जीने उघडतं. माझा काटा आठवर आला. साडेआठ झाले. ती माझ्याकडे अशी बघत होती की मला थांबता आलं असतं तर मी खरंच थांबलो असतो.

मग तिने पाहुण्यांच्या गाडीवाल्याला, किवुयोला, फोनवर गाठलं. पाहुण्यांना लवकर वर आणता येईल का, असं विचारलं. तो आत्ताच विवरात उतरला होता.

"समोर सिंहीण पिलांना पाजतेय," तो म्हणाला. "तिला सांगू का, बाई आटप, आमच्या रेसियातोची वेळ चुकली?"

नऊला पाच कमी असताना कोकोचाच फोन आला.

"कोणते तीन गं? आमचे की तुझ्या पाहुण्यांचे? बायका मणी घालून बसल्यात. गाढवं बांधलेली. ऊन बघ किती चढलं."

रेसियातोने सानाऊकडे पाहिलं. ती पेज खात होती. पोरीने चुकून सांगितलं, एवढंच म्हणायचं होतं. बायका हसल्या असत्या, नातीवर कोण रागावतं? ते शब्द रेसियातोच्या ओठांपर्यंत आलेले मी पाहिले.

"आई, स्पीकर लाव. सगळ्यांना ऐकू दे," ती म्हणाली. "निरोप मी दिला. चूक माझी. गाडी दुपारी नऊला येईल. तुम्ही आत्ता पाण्याला निघा. परतायला उशीर झाला तर पाहुणे बसून राहतील, तुम्ही नाही."

माझी टिकटिक तेवढी बिनदिक्कत चालू होती. माझीच मला लाज वाटली.

"गेल्या वर्षीच्याने फोनसुद्धा केला नव्हता," एक म्हातारा आवाज आला.

"तुझ्या पाहुण्यांना पाण्याच्या वाटेवरच पाठव," दुसरी म्हणाली. "आम्हाला बघायचंय ना त्यांना? मग आम्ही असू तिथे यावं. हात धड असतील तर पाण्याचे डबेही उचलतील."

बायका हसल्या. कोको हसली नाही, पण म्हणाली, "ऐकलंस? लिही तसं कागदावर."

पाहुण्यांनी डबे उचलले. धाकट्याने एक सांडला, असं किवुयोकडून कळलं.

आता माझ्या आकड्यांशेजारी रेसियातोने लाल नेलपॉलिशने समोरचे आकडे रंगवलेत. नऊजवळ तीन, तीनजवळ नऊ. थोडे ओघळलेत. येणारी-जाणारी हसतात. हसू देत. एकच मागणं आहे, पुढेमागे मला कुणाला द्याल तर हे आकडे खरवडून देऊ नका. जन्मात पहिल्यांदा मला आणि माणसांना एकच वेळ दिसते आहे.

त्या सकाळचं एक सांगायचं राहिलं. फोन ठेवून रेसियातो खुर्चीत टेकली आणि लेकीकडे बघून हसली. पोरीला आपण वाचवलं, असं तिला वाटत असावं. सानाऊने चमचा वाटीत ठेवला.

"आई, निरोप तर मी दिला होता," ती म्हणाली. "तू कोकोशी खोटं बोललीस."