हैबतीचं अर्धं भाषण आणि मी

मी कापडे गावच्या महादूचा, लाउडस्पीकरचा कर्णा बोलतोय. आजवर दुसऱ्यांचंच ओरडत आलो, स्वतःचं आज पहिल्यांदाच सांगतोय. सांगताना गोंधळ झाला तर सांभाळून घ्या, कारण जे झालं ते मला अजून नीटसं उमगलेलं नाही.

माझा जन्म मुंबईचा, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा. महादू तिथे विजेच्या सामानाच्या दुकानात होता. नोकरी सोडताना त्याने मला घेतलं आणि एसटीच्या टपावर बांधून पोलादपूरमार्गे गावी आणलं. लग्नं, पूजा, निवडणुका, सगळीकडे आम्ही. सकाळी एका पक्षाचा विजय असो म्हणायचो, संध्याकाळी त्याच तोंडाने दुसऱ्याचा.

आमच्या धंद्याची एक रीत होती. लग्नात एखादा पाहुणा झिंगून माईकला चिकटला, की गावकीचे अध्यक्ष रावजी दुरून हात हलवायचे. महादू बटण दाबायचा. माझं तोंड बंद, पाहुण्याचं चालूच. लोक पोट धरून हसायचे.

त्र्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात महादूच्या घरात मात्र हसू नव्हतं. धाकटी बहीण चंद्राबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली, गुटगुटीत. पण चार महिने झाले तरी चंद्रा तिला आपणहून जवळ घेईना. भिंतीकडे तोंड करून बसायची. अंगारे झाले, उतारे झाले. सासरहून निरोप आला, "पावसाच्या आत बरी झाली तर पाठवा, नायतर आमी पोराचं दुसरं बघतो." कुणी विचारलं की महादू सांगायचा, "जरा ताप हाय." चार महिन्यांचा ताप!

मे महिन्यात मुंबईकर गावी आले आणि कबड्डीचे सामने लागले. उद्घाटनाला हैबती. आमच्याच गावचा, मुंबईत एका गिरणीच्या संघातून खेळणारा, पेपरात फोटो येणारा. दोन वर्षं तो मैदानात दिसला नव्हता. गुडघा गेला, असं गाव म्हणायचं. महादूने मला आंब्यावर बांधलं, तोंड वाडीकडे.

हैबतीने माईक धरला. "माजा गुडघा धड हाय. मन आजारी व्हतं. झोप नाय, भूक नाय. चढाईला पाय उचलंना. गडी मानूस असून रडू यायचं. जीव नकोसा झाला. मंग मी..."

रावजींचा हात हलला. महादूने बटण दाबलं.

हैबतीचे ओठ हलत होते, माझ्यापर्यंत काही येईना. मी चक्रावलो. हा तर प्यालेला नव्हता! आणि या खेपेला कुणी हसतही नव्हतं.

तेवढ्यात वाडीच्या वाटेने चंद्रा आली. केस मोकळे, पाय अनवाणी. महिनोन्महिने उंबरा न ओलांडलेली बाई पुरुषांच्या गर्दीतून सरळ महादूपुढे उभी राहिली.

"दादा, बंद का केलास रे? मंग काय केलान त्यानं?"

"घरी चल गो. मानसं बघतात."

"बघू दे. मंग काय केलान, ता सांग."

महादूने ते ऐकलंच नव्हतं. त्याने रावजींकडे पाहिलं. रावजी जमिनीकडे बघत होते. मग आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या हाताची वाट न पाहता त्याने बटण सुरू केलं. "हैबती, माज्या भैनीला पुढचं ऐकायचं हाय."

"मंग मी मनाच्या डाक्टरकडं गेलो," हैबती म्हणाला. "त्यानं गोळ्या दिल्यान, त्या अजून घेतो. देवाचा कोप नाय, कुनाची करनी नाय, आजार हाय. कुनाला असंल तर माज्याकडं या. मी संगती येतो."

मी ते सगळं वाडीभर ओरडलो. टाळी एकही पडली नाही. संध्याकाळी मात्र तिघेजण एकेकटे हैबतीला गाठून म्हणाले, "एका वळखीच्या मानसासाठी इचारतो." त्यात रावजीही होते. सगळ्यांच्याच ओळखीची माणसं आजारी कशी, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही.

चंद्राला महादू आणि हैबती मुंबईला डॉक्टरकडे घेऊन गेले. पावसाच्या आत काही ती बरी झाली नाही. पण दिवाळीला नवरा स्वतः न्यायला आला.

आता स्पीकरच्या नव्या पेट्या आल्यात. मी गोठ्यात टांगलेला असतो, कोंबडी माझ्यात अंडी घालते. चंद्रा सणाला येते. कधी लेकीशी भांडते, खदखदून हसते, कधी पुन्हा भिंतीकडे बघत बसते. ती पुरती बरी झाली का, मला सांगता येत नाही. एवढंच मागतो, की तुमच्या हाताखाली कुणाचं बटण असेल, तर त्याचं बोलणं पुरं होऊ द्या.

परवाच महादू अंगणातून अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असा ओरडला, "चंद्रे, गोळी घेतलीस का गो?"

"घेतली रे! गावाला कशाला सांगतोस?"

"गावानंच इचारलंय," महादू म्हणाला.