बुधवारची फ्लॉपी

“आधी दोन बुधवार माझ्या शेजारी बसा, मग मला कॉम्प्युटर शिकवा,” मंजुळाताई म्हणाल्या होत्या. मी हसून विषय बदलला. कोपरीतल्या ट्रस्टच्या दवाखान्यात त्या वीस वर्षं नर्स होत्या, मी बी.एस्सी., वर कॉम्प्युटरचा डिप्लोमा. लसींच्या नोंदींचा प्रोग्राम करायला मला घेतलं होतं आणि प्रोग्राममध्ये काय काय हवं याची, डॉक्टरांच्या सहीची तीस पानी फाइल माझ्या हातात होती. अजून कुणाला काय विचारायचं?

लेकीला आईकडे ठेवून मी चार महिने डोंबिवलीच्या क्लासमधल्या मशीनवर प्रोग्राम लिहिला. दवाखान्यात नेला तो थेट पूर्ण करूनच. १९९६चा जून होता.

महिन्याभरात पलीकडच्या वस्तीत गोवर आला. आपल्याकडची कुठली मुलं गोवराच्या लसीवाचून राहिलीत, एवढंच डॉक्टरांनी विचारलं. मी बटण दाबलं आणि प्रिंटरमधून पावणेदोनशे नावं बाहेर पडली. त्यातल्या बहुतेकांची आमच्याकडे दोन-दोन कार्डं नोंदलेली होती आणि गोवराची लस दुसऱ्याच कार्डावर. बाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते. तिथल्या कार्डावर ‘मालूचं बाळ’ आणि माहेरचं आडनाव. सासरी आली की बारशाचं नाव आणि बापाचं आडनाव. माझ्या प्रोग्रामला ती दोन वेगळी बाळं वाटत होती, दोघांना अर्ध्या अर्ध्या लसी दिलेल्या. माझी स्वतःची लेक माहेरीच जन्मली, तरी मला हे सुचलं नव्हतं.

मंजुळाताई टोमणा मारतील म्हणून मी खाली बघत होते. त्यांनी फक्त स्टूल पुढे ओढलं. “आता तरी बसता का?”

बसले. त्यांच्या वहीत मुलं घरातल्या म्हातारीच्या नावाने होती. सून माहेरी जाते, आडनाव बदलतं, आजी आवडाबाई तिथेच असते, ताई म्हणाल्या.

बुधवार हा लसीचा वार. मी ठरवलं, दर बुधवारी एक फ्लॉपी आणि तिच्यात एकच गोष्ट, पण त्याच दिवशी रांगेवर वापरता येईल अशी. पहिल्या बुधवारी आजीच्या नावाने शोध. ताईंनी एका बोटाने ‘आवडाबाई’ टाइप केलं आणि नात सापडल्यावर अख्ख्या रांगेला दाखवलं. दुसऱ्या बुधवारी दोन कार्डं एकाच बाळाला जोडायची सोय. डॉक्टरांनी फाइल सुधारून मागितली. मी त्यांना ताईंच्या मागे उभं केलं, बघा म्हटलं. त्यांनी परत विचारलं नाही.

तिसऱ्या बुधवारी ताईंचं मत फिरलं. यादी आजीच्या नावाने नको, गल्लीप्रमाणे हवी, म्हणे, म्हणजे चालत एका फेरीत घरं होतील. आधी असा बदल ऐकून मला रडू आलं असतं. आता मी दुपारीच तो करून दिला. चालायचं त्यांना होतं. रांग पांगल्यावर आम्ही दोघी चहा घेत काय जमलं, काय नडलं ते बोलायचो. पुढची फ्लॉपी तिथेच ठरायची.

चौथ्या बुधवारी एकच पान निघालं. तेवीस मुलं. ताई, मी आणि लसीचा थंड डबा, कोपरीच्या कोळीवाड्यात घरोघर. आवडाबाई दारातच चिडल्या, नातीला लस कधीच झालीय म्हणून. कुणी दिली, ताईंनी विचारलं. तिकडे, कल्याणला, सुनेच्या आईने नेऊन. आतून सून, मालू, हळूच म्हणाली, “आई म्हणाली, सासरी देतील.”

गोवराची लस नवव्या महिन्याची, पोर दहा महिन्यांची होती. तिथेच टोचली. संध्याकाळपर्यंत तेवीसही झाली.

पुढच्या महिन्यात गोवर कोळीवाड्यापर्यंत आलाच. आमच्या तेविसांपैकी एकाच्याही अंगावर पुरळ उठलं नाही. लेक शिंकली तरी धसकणारी मी, साथ ओसरल्यावरच्या बुधवारी दवाखान्यात सगळ्यांना पेढे वाटत होते आणि आवडाबाई तिसरा पेढा मागत होत्या.

तुमची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती किंवा सून माहेरी गेली होती का? मग आज तिच्याकडे जा आणि बाळाचं कार्ड उघडायला सांगा. “तिकडे दिली असेल” म्हणाली, तर दोन्ही घरी विचारा.