बोडीच्या पारीवरचा काटा

त्या सकाळी बोडीच्या पारीवर, म्हंजे लाहान तलावाच्या बांधावर, मी होती, माही सून शेवंता होती, गुरं चारनारा झिबलमामा होता, अन् भंडाऱ्याच्या कॉलेजात झाडाचं शिकवनारी ती बाई. मातीखाली माही पोरगी बी होती. तिचं नाव नाही सांगत.

थंडीचे दिवस. तलावावर धुकं बसलेलं, उन्हाचा हात अजून पान्याले लागला नव्हता. बाई काटेरी झुडपात वाकून होती. हातावर रगताच्या बारीक रेघा, अन् तोंड असं उजळलेलं का जसा अंधाऱ्या घरात कोनं कंदील आनला.

झिबलमामा म्हने, "ओ बाई, ह्या काट्यात बकरी तोंड घालत नाही. तुमी काहून घालून राहिल्या?"

"बकरीला कोणी काही विचारत नाही ना मामा. मला विचारतात."

शेवंता पदर तोंडाले लावून हासली.

बाई एकेक पान पेपरात ठेवे, वरून तळवा फिरवे. निजल्या लेकराचं पांघरून सारखं करावं तसा. मंग म्हनली, "आजी, हे झाड आजपर्यंत कोणी लिहूनच ठेवलेलं नाही. एक मुळासकट न्यावं लागेल." खुरपी मातीले लावली तिनं.

"थांब मा," मी म्हनली. "मुळाशी माही पोरगी हाये."

आमच्या इकडं लाहान लेकरू जाळत नाही, मातीत देतेत. कोल्ह्यानं उकरू नये म्हून वरून काटे टाकतेत. पोरगी तापात गेली तवा तिच्या बापानं जंगलातून हाच काटा ओढून आनला, उघड्या हातानं. नंतर बाईनं सांगितलं, ह्या झाडाचा शेंडा मातीले टेकला का तिथंच मूळ धरते. राखनीले टाकलेला काटा जगला. पोरगी नाही जगली.

बाईनं खुरपी ठेवली, चपला काढल्या. हळूच म्हनली, "तिचं नाव देऊ या झाडाला?"

"नोको. नाव माह्यापाशी राहू दे."

मंग ती जंगलात दुसरं झाड पाहात हिंडली, भेटलं नाही. काटा जिथून आनला तिथं आता डांबरी सडक हाये. दरसाल ये, दरसाल हाडकत जाय. पोटात गाठ होती, ते आमाले नंतर कळलं. आखरीले आली तवा पारीवर नुसती बसली. ऊन तिच्या आंगातून आरपार गेल्यावानी दिसे. मूळ तिनं पुन्हा मांगितलं नाही. मी बी देलं नाही. त्याच उन्हाळ्यात ती गेली.

आता ह्या झाडाचं पेपरात छापून आलं, तं साकोलीवरून, कुठून कुठून लोकं गाडीनं येतेत. कोनाच्या हातात कुदळ रायते. मी पारीवर बसून रायते, पन किती दिवस बसन? बाईचा चेहरा पुसट होऊन राहिला, पोरीचा तं कवाचाच गेला. पानावरून फिरनारा तो तळवा तेवढा दिसते. मी गेली का तो बी कोनाले दिसनार नाही.

जो कोनी हे वाचन, त्याले माहं एकच सांगनं. झाड पाहाले या. शेंडा न्या, आपल्या मातीत दाबा, जगते. मूळ खंदू नोका.